लिंबाचा लेप

बीडमध्ये मी इंग्रजी शिकवते. शाळेत नाही, क्लासमध्ये. पोलीस भरती, तलाठी भरती, जी निघेल ती भरती. पोरंपोरी पहाटे मैदानावर पळून येतात आणि तशाच घामेजल्या अंगानं माझ्यापुढं बसतात. अर्ध्यांना झोप आलेली असते, उरलेल्यांना भूक लागलेली असते. अशांच्या गळी इंग्रजी उतरवायचं म्हणजे डोकं फिरायची वेळ येते, आणि माझं डोकं मुळात लवकर फिरतं. म्हणून मी एक पद्धत काढली. एक शब्द धरायचा आणि त्याच्यावर जे जे उगवलंय ते सगळं एका दिवसात फळ्यावर आणायचं.

त्या दिवशीचा शब्द होता बिटर. दसरा नुकताच होऊन गेला होता.

मी म्हटलं, "बिटर म्हणजे कडू," आणि मागचा अख्खा बाक फिस्सकन हसला. आमच्याकडं पोरं एकमेकांना उठता-बसता 'ए कडू' म्हणतात, आणि त्याचा अर्थ काही चांगला नाही. "कोण हसलं रे कडू?" असं मीच विचारल्यावर वर्ग गार पडला. मग शिकवायला मजा आली. बिटर गोर्ड म्हणजे कारलं, हे सगळ्यांना पटलं. बिटर ट्रुथ, तेही पटलं. बिटर कोल्डपाशी एक जण अडला.

"मॅडम, थंडी कडू कावून? थंडी काय चाटून बघतेत का?"

"आपली थंडी बोचती, त्यांची कडू लागती. पेपरात चाटायला मिळणार नाही, गप पाठ कर."

एम्बिटर्ड म्हणजे एखाद्या गोष्टीनं आतून कडू होऊन बसलेला माणूस. उदाहरण विचारलं तर एका मुलीनं निवडणुकीत पडलेल्या तिच्या चुलत्याचं दिलं, आणि ते इतकं चपखल होतं की मी ते अजूनही दर वर्षी वापरते. बिटर पिल म्हणजे नको असली तरी गिळावीच लागणारी गोळी. टू द बिटर एंड म्हणजे कितीही नकोसं झालं तरी पार शेवटापर्यंत. आणि शेवटी बिटरस्वीट. याला मराठीत काय म्हणायचं यावरून वर्गात भांडण जुंपलं. कुणी आंबटगोड म्हणालं, कुणी कडूगोड. एक जण म्हणाला, "पाडव्याचा प्रसाद." मी त्याला शाब्बास म्हटलं. पाडव्याला आपण लिंबाचा, म्हणजे कडुलिंबाचा, कोवळा पाला गुळात कालवून खातोच की.

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरायला लागला. बहिणीचा होता. वर्गात मी फोन घेत नाही, पण ती उगाच फोन करणारी नव्हे. बाहेर जाऊन घेतला.

"आक्का, गाडी ठरली बघ. पुढच्या हप्त्यात निघायचंय. पोरगी ठिवून घेते म्हणलतीस ना? का नुसतं तोंडदेखलं म्हणलतीस?"

"तोंडदेखलं बोलायला मी काय तुझी जाऊ हाय का?" मी म्हटलं. "घिऊन ये."

ही माझी धाकटी बहीण. नांदूरघाटच्या पुढं एका वाडीत दिलेली. ती आणि तिचा नवरा दर साली ऊसतोडीला जातात. आमच्या जिल्ह्यात नवरा-बायकोच्या अशा जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसं दोन असली तरी कोयता एक. मुकादमाला एकदा शब्द दिला की मग जायचंच, बाईच्या पोटात लेकरू असलं तरी जायचं. तशीच ती आदल्या साली गेली होती, आणि तिची लेक झाली ती उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांच्या झोपडीत. त्या थंडीत लेकराची छाती भरली. कसंबसं वाचलं. डॉक्टर मेहुण्यांना स्पष्ट म्हणाले, "पुन्हा हिला त्या धुळीत आणि गारठ्यात न्याल, तर पोर हाती लागणार नाही." सासू डोळ्यांनी अधू. मोठी जाऊबाई स्वतःच तोडणीला. म्हणजे उरलं कोण? मी.

माझं लग्न झालं होतं, मोडलं. मूलबाळ नाही. हे सांगताना मला आता काही होत नाही, ऐकणाऱ्याचाच चेहरा पडतो. एक खोली, छोटं स्वयंपाकघर, दारात लिंबाचं झाड आणि खाली घरमालकीण, जिला मी काकू म्हणते. सकाळच्या क्लासच्या वेळी पोरीला सांभाळायचं त्यांनी आपणहून कबूल केलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते लेकरू हवंच होतं. बहिणीवर उपकार वगैरे काही नाही. हवं होतं म्हणून हवं होतं.

अडचण एकच होती. पोर अजून अंगावर पीत होती. वाटी नको, चमचा नको, बाटली तर भिरकावून द्यायची. आई दिसली की पदराशी झटायची. अंगावरचं तोडल्याशिवाय तिला माझ्याजवळ ठेवणं शक्यच नव्हतं, आणि गाडी तर काही थांबणार नव्हती. म्हणून निघायच्या आधी बहीण पोरीला घेऊन माझ्याकडं येऊन राहिली.

काकू म्हणाल्या, "कोरफड लाव." बहीण म्हणाली, "लिंबच बरा. आमच्यात समदे लिंबच लावतेत." मी दारातल्या झाडाचा पाला ओरबाडून आणला आणि मिक्सरमधून काढला. त्यानंतर कित्येक दिवस आमची शेंगदाण्याची चटणी कडू लागत होती. हिरवागार लेप झाला. बहिणीनं पाठ फिरवली, तो लावला, आणि पोरीला मांडीवर घेतलं.

पोरीनं तोंड लावलं आणि थांबली. रडली नाही. आधी तिनं मान वर करून आईच्या तोंडाकडं पाहिलं. ही आपलीच आई आहे का, हे बघत असावी. मग सगळा चेहरा आवळला, जीभ बाहेर काढली, ओठ पुसावेत तसे दोन्ही तळवे तोंडावर चोळले. पुन्हा तोंड लावलं. पुन्हा तसंच. मग जो टाहो फोडला, तो ऐकून काकू खालून धावत आल्या.

पण पोर जिद्दीची. रडून रडून दमली आणि त्या कडूसकट प्यायला लागली. डोळे गच्च मिटून, हुंदके देत देत पीत राहिली. टू द बिटर एंड, असं माझ्या मनात आलं आणि माझा मलाच संताप आला. लेकरू असं तळमळतंय आणि मला फळा आठवतोय.

दुसऱ्या दिवशी मी क्लासवरून आले तर पोर मांडीवर निवांत पीत पडलेली आणि बहीण तिच्या केसांतून हात फिरवतेय. मोरीत हिरवं पाणी. तिनं लेप धुऊन टाकला होता.

"हे गं काय?" मी दारातूनच ओरडले. "असं धुऊन पाजायला लागलीस तर तिला कळणार कसं? काल कडू, आज गोड! तिची काय परीक्षा घेती का तू?"

"तुला काय कळतंय गं त्यातलं," बहीण म्हणाली. "तू काय कधी..."

तिला काय म्हणायचं होतं ते तिला कळलं आणि मलाही कळलं. पोर आपली चुटूचुटू पीत होती. मग मीच म्हटलं, "मला न्हाई कळत. बरं. पण डॉक्टर काय म्हणलेत ते तर कळतंय ना तुला?"

तिनं पोरीला खाली ठेवलं, आत गेली, आणि वाटीत उरलेला सगळा लेप जाड थापून आली.

त्या दिवसापासून तिनं तो धुतला नाही. पोर रडायची, ती भिंतीकडं तोंड करून बसायची. मी वाटीतून दूध-भात भरवायची, थोडा आत जायचा, बाकीचा माझ्या साडीवर. पोरीचा आवाज बसला. बहीण जेवेना. मला वाटायचं, सांगावं मुकादमाला की चुलीत गेली तुझी गाडी. पण ते मी नुसतं म्हणू शकत होते. तिला निघायचं होतं.

आणि जायच्या दिवशी सकाळी ते घडलं. बहिणीनं पोरीला जवळ घेतलं. पोरीनं सवयीनं तोंड पुढं नेलं, नुसता वास घेतला, चेहरा आवळला, आणि आपणहून मान फिरवली. मग रांगत माझ्याकडं आली आणि माझ्या ताटलीतला भाताचा गोळा उचलून तोंडात घातला.

"बघितलं का, आक्का," बहीण म्हणाली. "तिनं मला सोडलं. मी न्हाई तिला सोडलं."

काहीतरी जिंकल्यागत ती बोलत होती. तिच्या चोळीवर दुधाचे दोन ओले डाग पसरत चालले होते. तिनं पदर ओढून घेतला, पिशवी उचलली आणि पोरीचा पापाही न घेता जिना उतरून गेली. आता घेतला तर पोर बिलगेल, असं तिला वाटलं असणार. मी तिला स्टँडवर पोचवायलाही गेले नाही. पोर माझ्या ताटलीत जेवत होती.

बहिणीचा पहिला फोन आला तो कुठल्याशा कारखान्याच्या अलीकडच्या फडावरून. दूध दाटलं होतं, अंगात ताप होता, छातीशी फडकं आवळून बांधून ती मोळ्या वाहत होती. "पोरगी काय करती?" एवढंच विचारत होती. मी म्हटलं, "झोपली." खरं तर पोर तेव्हा माझ्या खांद्यावर दाराकडं बघत रडत होती. खरं सांगून काय करायचं होतं?

पण लेकरं रुळतात. हळूहळू ती रुळली. काकूंच्या मांजरामागं रांगायला लागली, मग भिंत धरून उभी राहायला लागली. माझ्या वर्गातल्या पोरी येता-जाता तिला उचलून घ्यायच्या. आणि मी एक नेम ठरवला होता. हिनं मला आई म्हणायचं नाही. काकू म्हणाल्या, "म्हणू दे की, तिला काय समजतंय आत्ता?" मी म्हटलं, "न्हाई. जिची आहे तिचीच राहिली पाहिजे." बहिणीपासून तिचं दूध तोडलं होतं, आता नावही तोडायचं म्हणजे फार झालं.

म्हणून रेंज मिळेल तेव्हा मी व्हिडिओ कॉल लावायची. पलीकडं डोक्याला फडकं गुंडाळलेली, धुळीनं काळवंडलेली बहीण, मागं उसाचा फड आणि कुणीतरी ओरडून बोलावतंय. मी फोन पोरीच्या पुढं धरायची. "बघ, कोण हाय? आई. म्हण, आई." माझ्या छातीवर हात ठेवून म्हणायची, "मी मावशी." रोज हेच. शिकवायची खोड आहे मला, दुसरं काय.

आणि ती शिकली. ऐन थंडीत एके दुपारी तिनं फोनकडं बोट करून "आई" म्हटलं. पहिला शब्द! मी तिला उचलून गरागरा फिरवली, बहिणीला लगेच फोन लावून ऐकवलं. तिकडं बहीण फडातच खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, जिंकले मी.

मग काही दिवसांनी पाहिलं, फोन बंद होता, काचेवर नुसता काळोख, आणि पोर तो छातीशी धरून बसली होती. "आई," ती म्हणाली. मी फोन चार्जिंगला लावला तर भिंतीकडं बोट करून, "आई." माझ्या हातून फोन खाली पडला तर घाबरून, "आई!" काकूंना हे सांगताना मी हसले. फोन हीच तिची आई झाली होती.

कारखान्याचा हंगाम संपला, पट्टा पडला, आणि ती दोघं परत आली ती नेमकी पाडव्याच्या दिवशी. वाडीला न जाता गाडीतून बीडलाच उतरली. मी सकाळीच लिंब, गूळ, हरभऱ्याची डाळ, जिरं कालवून ठेवलं होतं. जिन्यावर पावलं वाजली आणि बहीण उंबऱ्यात उभी राहिली. वाळून काटकी झालेली. हातांवर पाचटानं कापल्याच्या रेघा. मेहुणे जिन्याच्या खालच्या पायरीवरच बसून राहिले, वर यायला त्यांचा पाय उचलेना.

"ये गं माझी बाय," बहिणीनं हात पसरले.

पोर आता चालत होती. ती माझ्या मागं लपली. बहीण आणखी वाकली, "आई हाय बघ मी. आई." तो शब्द ऐकल्यावर पोर मागून बाहेर आली, बहिणीकडं पाहिलं, आणि फळीवरच्या फोनकडं बोट करून म्हणाली, "आई."

बहिणीनं फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आक्का, ही फोनला आई म्हंती का गं?"

मी नुसती मान हलवली. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. जिना उतरून खाली गेली, नवऱ्याच्या खिशातून त्याचा फोन काढून घेतला, आणि फळीवरचा माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. मी तो फळीवरून काढून पोरीपुढं धरला. काचेवर बहिणीचं तोंड, मागं लिंबाचं झाड. "आई!" पोर नाचायला लागली.

"काय करती माझी बाय? जेवली का?" बोलत बोलत बहीण जिना चढत होती. तिचा आवाज फोनमधून येत होता आणि जिन्यातूनही येत होता. पोर एकदा काचेकडं बघे, एकदा दाराकडं. बहीण उंबऱ्यात आली, फोन तोंडापुढंच धरलेला, बोलतच होती. आणि मग तिनं फोन हळूच खाली घेतला. माझ्या हातातल्या काचेवर नुसती फरशी दिसायला लागली. पोरीनं फरशी पाहिली आणि मग वर, तिच्या तोंडाकडं पाहिलं.

बहीण तिथंच खाली बसली. पोर हळूहळू गेली, तिच्या गुडघ्याला हात लावला, मग मांडीवर चढली आणि छातीशी नाक नेलं. आणि तिनं ते तोंड केलं. तेच, दसऱ्यानंतरचं. चेहरा आवळलेला, जीभ बाहेर.

"ध्यानात हाय तिच्या," बहीण पुटपुटली. तिचा चेहरा पार उतरला. हात हवेतच राहिले, पोरीला धरायची तिची छाती होईना.

मी वाट बघत होते. आता ही मान फिरवील, आता माझ्याकडं येईल. पण पोर उठली नाही. तोंड वेडंवाकडं करून तिथंच बसली. वास घेई, तोंड आवळी, आणि पुन्हा डोकं तिथंच टेके.

"आक्का, ही उठंना की गं."

"मग बसू दे की, येडे. उठावी म्हणून आणली का मांडीवर?"

तेव्हा कुठं बहिणीनं हात खाली घेतले आणि तिला धरलं. मग मात्र ती रडली. काकूही रडल्या. मेहुणे वर आले आणि दाराला टेकून उभे राहिले. मी सगळ्यांच्या हातावर पाडव्याचा प्रसाद ठेवला. मेहुण्यांनी मुकाट्यानं खाल्ला. बहीण म्हणाली, "मला नको बाई. औंदा लिंब लई झाला."

एक-दोन दिवस राहून ती तिघं एसटीनं वाडीला गेली. स्टँडवरून मी घरी आले तर फरशीवर पोरीची वाटी पडलेली. ती धुऊन मी फळीवर पालथी घातली, मग उचलून कपाटात ठेवली, मग पुन्हा बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी वर्गात उजळणी होती. "बिटरस्वीटचं एक वाक्य सांगा," मी म्हटलं, आणि एका मुलीनं सांगितलं, पण ते बरोबर होतं की चूक, हे मी ऐकलंच नाही. "बसा," म्हणून पुढं गेले.

संध्याकाळी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. फोनभर पोरीचं तोंड, मागं वाडीतलं अंगण. तिनं मला पाहिलं. फोनमधल्या मला. आणि दोन्ही हातांनी काच बडवत ओरडली, "आई!"

"मावशी म्हण गं," मी म्हटलं. "मावशी. रोज शिकवलं ना तुला?"

"आई! आई!"

अख्खी थंडी जो शब्द मी माझ्यापासून दूर ठेवला, तो असा आला. मी आणखी एकदा "मावशी" म्हटलं, पण आवाजात जोर नव्हता. पलीकडून बहिणीचा आवाज आला. ती फोनमध्ये दिसत नव्हती, चुलीपाशी असावी.

"म्हणू दे, आक्का. दसऱ्याला परत तुझ्यापाशीच ठिवायचीय तिला."

मला आनंद झाला. बहीण पुन्हा फडात जाणार, पुन्हा पाचटानं हात कापून घेणार, पुन्हा काचेत बघून लेकीशी बोलणार, आणि हे ऐकून मला आनंद झाला. त्या आनंदाचा मला राग आला, तरी तो गेला नाही.

"बरं," मी म्हटलं. "घिऊन ये."